चुलीपुढचं मौन

मला गप्प बसता येत नाही, हे आमच्या गावाला नवीन नाही. आठवडी बाजाराला निघाले तर एसटीच्या थांब्यापर्यंत पोचायला मला दुसरीच्या दुप्पट वेळ लागतो. वाटेत दारं असतात, दारात बायका असतात, आणि तोंड फिरवून पुढं जायची आपली रीत नाही. अशी मी मठात आठ दिवसांचं मौन धरायला निघाले म्हटल्यावर आळीला विषयच मिळाला. समोरची म्हणाली, "तुमी मौन धरनार? मग मठातल्या लोकांनी काय करायचं वं?"

हसायचं तर हसा, पण मी हौसेनं निघाले नव्हते. दीडेक वर्ष मला धड झोप नव्हती. पाठ टेकली की डोळे टक्क. कर्जतच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सुनेनं जायफळ उगाळून दुधातून दिलं, कुणी सांगितलं म्हणून तळपायाला काशाची वाटी घासून झाली. शेवटी सूनच म्हणाली, "आत्या, तुमी जरा मठात जाऊन या. आठ दिस कुनाशी बोलायचं न्हाई, मोबाईल न्हाई, टीव्ही न्हाई. माजी आई गेल्ती. लई शांत होऊन आली."

"मी गेल्यावर शांत कोन हुनार गं, मी का तुमी?"

ती हसली, पण पिशवी मात्र लगेच भरायला घेतली.

माझी झोप कशानं गेली ते मला चांगलं माहीत होतं. पण ते डॉक्टरला काय सांगणार? त्यासाठी मला माझ्या धाकट्या जावेपासून सुरुवात करायला लागेल.

मी या घरात थोरली म्हणून आले, ती माझ्या मागून. तिला हळदीचं न्हाऊ घातलं ते मी. एका चुलीपुढं आम्हा दोघींची उमर गेली. मी भाकरी थापायची, तिनं भाजायची. हे कुणी कधी ठरवलं नव्हतं. तिची थापलेली कडेला चिरायची आणि माझ्यानं जाळापुढं बसवायचं नाही, म्हणून आपसूक झालं ते. पुढं वाटण्या झाल्या, घराच्या मधोमध भिंत आली. तेव्हा आम्ही गवंड्याला सांगून त्या भिंतीत एक कोनाडा आरपार ठेवायला लावला. कालवणाची वाटी जाईल एवढा. गवंडी म्हणाला, "मावशी, मग भित कशाला बांधता?" आम्ही म्हटलं, भिंत बाप्यांची आहे, कोनाडा आमचा. पुढं दोघींचे मालक एकामागं एक गेले, तेव्हा एकमेकींचं रडणंही त्याच कोनाड्यातून ऐकलं.

आणि मग घरातल्याच एका हळदीला तिनं ते बोलावं! ओटा पाहुण्यांनी भरला होता. मी आपली व्याह्यांना काहीतरी सांगत होते, रंगात आले होते. ही आतून सुपारीचं ताट घेऊन आली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आमच्या आक्कांचं तोंड म्हंजी पिठाची चक्की. लाईट गेल्याबिगर बंद व्हत न्हाई."

हसले सगळे. व्याही हसले, नवरदेवाकडच्या पोरी तर तोंडाला पदर लावून हसल्या. गाव मला बोलकी म्हणतं, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण हिनं म्हणावं? मी हसत हसतच म्हटलं, "बरं. गेली म्हन लाईट." आणि त्या दिवसापासून तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

आमच्याकडं अबोल्याला नियम असतात. ज्यानं धरला त्यानं सोडायचा, हा एक. आणि थोरलीनं आपण होऊन आधी बोलायचं नाही, मान जातो, हा दुसरा. आता बघा, धरला मी, म्हणजे सोडायचा मी. पण थोरली मी, म्हणजे आधी बोलायचं तिनं. हे दोन नियम एकमेकांत असे अडकले की निघता निघेनात. कोनाड्यात आधी तिनं पत्र्याचा डबा ठेवला, मग मी या बाजूनं देवाचा फोटो लावला. अंथरुणावर पडले की भिंतीपलीकडं तिच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू यायच्या. आता कूस बदलली, आता उठली, आता पाणी प्यायली. झोप कशी लागणार?

मठ जामखेडच्या अंगाला आहे, खडकाळ डोंगरावर. स्टँडवरून वडापची, मिळतील तेवढी माणसं कोंबून नेणारी जीप जाते. सुगीचे दिवस होते, पण त्या बाजूला सुगी कसली, गुडघ्याएवढी ज्वारी आणि मधे मधे उघडी पडलेली जमीन. वस्त्या बंद दिसत होत्या, माणसं उसाच्या तोडीला श्रीगोंद्याकडं गेलेली. जीपमध्ये आमच्या शेजारच्या वाडीची एक बाई भेटली, देवदर्शनाला चाललेली. मला बघून म्हणाली, "अगं बया, तुमी बी का? तुमच्या जाऊबाईला त्यांच्या पोरानं सकाळीच आनून सोडलं की गाडीतनं."

मी म्हटलं, "व्हय का?"

"मग! मौन सुटलं की तिथनंच पुन्याला नेनार हाय म्हने. घर परवाच बंद केलं, दोन दिस आमच्या वाडीत पावन्यांकडं हुत्या. आता कायमच्या तिकडंच. तुमाला ठाव न्हाई?"

"ठाव हाय की," मी म्हटलं.

मला काही ठाऊक नव्हतं. भिंतीपलीकडची बाई घरदार बंद करून निघाली होती आणि मी समजत होते, दोन दिवस बांगड्या वाजत नाहीत म्हणजे माहेरी गेली असेल. जीप चढ चढत होती आणि माझ्या डोक्यात एकच घोळ. हे आठ दिवस म्हणजे शेवटचे. यात ती बोलणार नाही, मी बोलणार नाही, मठच बोलू देणार नाही. नवव्या दिवशी ती गाडीत बसेल. मग हा अबोला सोडायचा कुणी आणि कुणाशी? एकदा वाटलं, जीप थांबवावी आणि उतरून परत फिरावं. पण भाडं आधीच दिलं होतं.

मठात स्वयंपाकघर बघणारी एक बाई होती. उंच, कपाळ मोठं, बोलणं तोडून टाकल्यासारखं. सगळे तिला माई म्हणायचे. मौन धरलेल्यांची सोय तिच्याकडं. तिनं माझा मोबाईल डब्यात ठेवून घेतला, उजव्या मनगटाला पांढरा दोरा बांधला आणि नियम सांगितले. दोरा आहे तोवर शब्द नाही. खुणा पण कामापुरत्याच. जेवण मौनवाल्यांच्या पंगतीत. बोललं की दोरा सोडायचा, त्या पंगतीतून उठायचं आणि भांडी घासायला बसायचं. "रागवत न्हाई कुनी," माई म्हणाली. "पन परत बांधत न्हाई."

मी विचारलं, "चुकून निगालं तर?"

"तोंड काय चुकून उघडतंय का, बाई?"

मी मनात म्हटलं, माझं उघडतं.

बायकांची खोली म्हणजे पत्र्याची लांबट शेड, ओळीनं चटया. जाऊ कोपऱ्यातल्या चटईवर भिंतीला टेकून बसली होती. मी दारात उभी राहिले, तिची मान माझ्याकडं वळली, आणि जशी वळली तशी परत गेली. चेहऱ्यावर काही नाही. बरं, म्हटलं. म्हणजे अजून तसंच आहे तर. मी मुद्दाम दुसऱ्या टोकाची चटई घेतली.

शांतता म्हणतात ती कशी असते, मला विचारा. पहिल्या दिवशी वाटलं, कानात कुणी कापूस कोंबलाय. दुसऱ्या दिवशी कापूस निघाला आणि सगळं इतकं मोठ्यानं ऐकू यायला लागलं की जीव नको झाला. वरच्या माळावर पवनचक्क्या आहेत, त्यांची घूं घूं. पत्रा तापला की टणकन वाजतो. कुणाचं पोट गुरगुरतं. ध्यानाला बसवायचे तेव्हा माझ्या पायाला मुंग्या, नाकाला खाज, आणि मनात बोलण्याचा नुसता बाजार. मी मनातल्या मनात सगळ्यांशी बोलायचे. शेजारच्या चटईवरच्या बाईला सांगायचे, बाई तुमची साडी उलटी नेसली आहे. मठाचे म्हातारे महाराज पाण्याच्या मोटारीशी खटपट करत असायचे, त्यांना सांगायचे, अहो, त्याचा फूटव्हॉल्व्ह बघा आधी. आणि फिरून फिरून कोपऱ्यातल्या चटईशी यायचे. तिथं आलं की मनातलीसुद्धा वाचा बसायची. दीड वर्षाचं साचलेलं, त्यातलं आधी काय काढावं?

इतर बायकांचे चेहरे दिवसागणिक निवळत होते. माझा काही निवळला नसावा, कारण तिसऱ्या दिवशी सकाळी माई माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "तुमाला बसवत न्हाई ना? हाताला काम पायजे. भाकरी येत्यात?"

मी मान हलवली. भाकरी येतात का म्हणे.

माईनं कोपऱ्याकडं बोट केलं. "त्या बी तुमच्याच गावच्या ना? चला दोगी. गाव एक म्हंजी हात जुळतील."

आता खूण करून काय सांगणार? अबोला ही खुणेनं सांगायची गोष्टच नाही. आणि मौनात अबोला ओळखायचा कसा? तिथं सगळेच गप्प. आमचं भांडण त्या मठात कुणाला दिसतच नव्हतं, साखरेत मीठ मिसळावं तसं.

तर आम्ही चुलीपुढं बसलो. मी काठवटीपाशी, ती जाळापाशी. मी पीठ मळलं, पहिली भाकरी थापली, तिच्या हातावर दिली. तिनं तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. तो आवाज झाला चर्र, आणि खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. वाटलं, झालं, आता काही बोलायलाच नको.

मग ती भाकरी जळली.

एवढा काळा डाग. मी तिच्याकडं बघितलं. ती तव्याकडं बघत होती. दुसरी थापून दिली, तीही जळली. तिसरीचा पापुद्रा कोळसा झाला. ही बाई, जिच्या हातची भाकरी सासऱ्यांना टम्म फुगलेलीच लागायची, ती एका बैठकीत निम्मी टोपली जाळते? मला कळलं. म्हणजे मला वाटलं, मला कळलं. तोंडानं बोलायची सोय नाही, म्हणून ही मला भाकरीनं टोमणा मारतेय. आम्हा बायकांना हे नवीन नाही. रागाचं कालवण खारट होतं, रुसव्याची भाकरी करपते. सासू असताना आम्ही दोघीच एकमेकींना असल्या गोष्टी दाखवून हसायचो. "बघ, आज म्हातारीचा राग वांग्यात उतरलाय."

ठीक आहे म्हटलं. तुला येतं तर मलाही येतं.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी जाड थापायला घेतल्या. बोटभर जाड. भाज आता. तिनं हातावर घेतली, वजन जाणवलं असावं, क्षणभर थांबली आणि तव्यावर टाकली. बाहेरून जळाली, आतून कच्ची राहिली. मी आणखी जाड थापली. त्या पंगतीत बिचारी मौन धरलेली माणसं बसलेली, तक्रार करणार कशी? एक पेन्शनीत निघालेले गुरुजी होते, ते एक घास घेऊन इतका वेळ चावायचे की आमटी निवून जायची. शेवटी माई टोपली घेऊन चुलीपाशी आली. एक भाकरी उचलून तिनं दारावर टकटक वाजवली. "ही भाकरी हाय का वहान? देवाच्या दारात माणसांचे दात पाडता व्हय?"

आम्ही दोघी खाली माना घालून बसलो. मला मेलीला हसू येत होतं. तिला येतंय का म्हणून मी हळूच बघितलं, तर ती हसत नव्हती. घाबरल्यासारखी दिसत होती.

ते मला रुतलं. आयुष्यात माईसारख्या छप्पन्न बायांना पुरून उरलेली आमची जाऊ, ती घाबरते?

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नीट पातळ भाकरी थापल्या आणि तिच्याकडं लक्ष ठेवलं. पीठ झाडताना माझ्या हातून उलथनं जरा पलीकडं सरकलं होतं. भाकरी उलटायची वेळ झाली. तिनं हात पुढं केला, उलथनं रोज असायचं तिथं. हात रिकाम्या जागेवर पडला. मग तो हात चाचपत डावीकडं गेला, मग उजवीकडं, तव्याच्या कडेला चटका बसला तेव्हा मागं आला. उलथनं तिच्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर होतं. भाकरी करपायला लागली, तेव्हा तिनं मान पुढं केली, नाकानं हुंगलं. जळका वास आल्यावर ती उलटायची. वास येईपर्यंत तिला कळतच नव्हतं.

मी पिठाचा हात तिच्या तोंडापुढं धरला, असा, थांब म्हणतात तसा. तिची पापणी हलली नाही.

मी काठवटीत हात घालून तशीच बसून राहिले. पिठाला पाणी जास्त झालं, ते बोटांतून ओघळत होतं. दीड वर्ष भिंतीपलीकडं बांगड्या वाजत होत्या, त्या मी मोजत होते आणि मला वाटत होतं ती माझ्यासारखीच रागानं तळमळतेय. ती चाचपत असेल. पाण्याचा तांब्या चाचपत असेल.

त्या दुपारी मी ध्यानाला बसले ती नुसती नावाला. एकदा वाटे, उठावं, कोपऱ्यात जावं, तिचा हात धरावा. पण हात धरून काय सांगणार? ती आंधळी मान वळवून विचारेल, कोण? तेही विचारू शकणार नाही, तिच्या मनगटाला दोरा आहे. आणि तिला हे मला कळू द्यायचं असतं तर ती अशी लपवून चुलीपुढं बसली असती का? तिचा मान तिला, माझा मान मला. मग वाटे, कसला मान घेऊन बसलीस बये, ती चार दिवसांनी चालली. मग वाटे, बोलायचंच तर मौन सुटल्यावर बोल, नियमानं. मग वाटे, मौन सुटलं की तिचा मुलगा दारात गाडी घेऊन उभा असणार, तेव्हा चुलतीनं मधे काय बोलावं? असं माझं मागं-पुढं, मागं-पुढं. समोर समई शांत जळत होती, शेजारची बाई डोळे मिटून देवाच्या घरी पोचली होती आणि मी चटईच्या काड्या उपटत होते. म्हटलं, हाच का तो विसावा? यापेक्षा खुरपायला गेले असते तर पाठ दुखून का होईना, झोप तर आली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं बसलो. पहिली भाकरी थापून मी तिच्या हातावर दिली. तिनं टाकली, पाणी फिरवलं. मी तव्याकडं बघत होते. पाणी सुकलं. कड सुटली. आता. आता उलटायला पाहिजे. ती नाक पुढं करून वासाची वाट बघत होती.

"उलट," मी म्हणाले.

एकच शब्द. पण त्या स्वयंपाकघरात भांडं पडावं तसा वाटला. भाजी चिरणाऱ्यांचे विळे थांबले. जाऊची पाठ ताठ झाली. आणि मग तिचा हात गेला, उलथनं सापडलं, भाकरी उलटली. दीड वर्षानंतरचा माझा तिच्याशी पहिला शब्द हा असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी काय काय जुळवून ठेवलं होतं, रागाचं, मायेचं, आणि निघालं हे.

माई आली. "बोललात?"

"बोलले."

"दोरा सोडा."

"सोडते की. पन माई, एवढ्या भाकरी हुंद्या. मग भांडी घासते, मठ झाडते, सांगाल ते करते." मी दातानं गाठ सोडून दोरा तिच्या हातावर ठेवला. "आता मला बोलायला बंदी न्हाई ना?"

माईनं माझ्याकडं बघितलं, मग जावेकडं. जावेच्या बोटाला कालचा फोड होता, तो तिनं पाहिला असावा. म्हणाली, "बोला. पन तेवढंच. दुसरं काय बोललात तर चुलीवरनं उठवीन."

मग उरलेले दिवस मी मठात एवढा एकच शब्द बोलले. उलट. आता काढ, हेसुद्धा नाही, त्याला मी काठवटीवर टिचकी मारायचे. भाकरी परत फुगायला लागल्या. गुरुजींनी एके दिवशी दोन जादा घेतल्या. पण जाऊ? ती माझा शब्द आला की भाकरी उलटायची, बस. मान वळवायची नाही. चेहरा दगडाचा. तिचं मौन होतं, बरोबर आहे, ती उत्तर देणार कशी. पण खुणेनं माणूस काही दाखवत नाही का? ती माझं ऐकत होती की नुसती भाकरीचं ऐकत होती, हेच मला कळेना. मी नियम मोडला, मान सोडला, पंगतीतून उठले, चार जणांच्या भांड्यांची राख हाताला लावून घेतली, आणि पुढून नुसती चर्र. एवढ्या मोठ्या कढया घासताना माझा संताप व्हायचा. म्हणायचे, मर. जळू देते उद्या. आणि उद्या परत, उलट.

मौन सुटायचं त्या दिवशी सकाळी आरती झाली, घंटा वाजली, सगळ्यांनी देवाचं नाव घेऊन दोरे सोडले. आणि मग जो गलका झाला! बांध फुटल्यासारखा. साडी उलटी नेसलेली बाई तर अशी बोलत सुटली की मी तिच्यापुढं काहीच नाही. गुरुजींना तर कुणाशी बोलू आणि कुणाशी नको असं झालं होतं. मी आरतीच्या ओसरीवर खांबाला धरून उभी. हात ओलेच. जाऊ लांब उभी होती. तिनं दोरा सोडला, गुंडाळला, कमरेला खोचला. तोंड उघडलं. मी कान टवकारले.

"माई, चा मिळंल का?"

घ्या! आठ दिवसांनी पहिला शब्द, तो चहाला.

चहा पिऊन झाल्यावर ती भिंतीला हात लावत लावत ओसरीवर आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर बसली. मला कसं ओळखलं कोण जाणे. राखेचा वास येत असेल.

"आक्का," ती म्हणाली, "त्या उलट-उलटनं माजं डोकं उठलं."

"मग काय जळू द्यायच्या हुत्या?"

"द्यायच्या. समदी गप खात हुती की."

"त्या मास्तराचे दात गेले असते."

"त्याला कवळी हाय. मला आवाज येतो."

हसायचं नव्हतं मला. मी थोरली होते आणि तिच्याकडून बरंच काही यायचं होतं अजून. पण हसले. मग विचारलं, "कवापासनं गं?"

"काय?"

"काय म्हंजी? डोळे."

तिनं रिकाम्या मनगटावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "भिऊ नका, तुमी बोलायचं बंद केल्यापासनं न्हाई. त्याच्या आदीपासनं. साखर उतरली म्हनत्यात डोळ्यात. हळू हळू धुरकट, धुरकट. पोराला बी आत्ता सांगितलं, पडले तवा. डॉक्टरची येळ मिळंस्तवर म्हनलं हितं ऱ्हाते."

"आन मला?"

"तुमी कुठं बोलत हुता?"

मी ओले हात पदराला पुसले.

मग तिनंच पदराशी चाळा करत म्हटलं, "हळदीच्या टायमाला बी दिसत न्हवतं. ओट्यावर समदे निस्ते रंग. तुमचं तोंड दिसलं न्हाई. हसन्याचा आवाज आला, वाटलं तुमी बी हसताय."

आता हे खरं होतं, की तिनं तिथल्या तिथं जुळवलं, देव जाणे. ती हुशार आहे, पहिल्यापासून. चुकलं असं काही ती म्हणाली नाही. मी वाट बघितली. खरं सांगते, अजूनही मधून मधून बघते. पण त्या ओसरीवर मला एवढंच दिसत होतं की खाली वाहनतळावर पांढरी गाडी येऊन उभी राहिली आहे, आणि पुतण्या पायऱ्या चढतोय.

तो आला, माझ्या पाया पडला, आम्हाला जवळ जवळ बसलेलं बघून बावचळला. एकदा आईकडं बघी, एकदा माझ्याकडं. "मोठी आई, तुमी हितं? आये, चल, डॉक्टरची येळ घेतलीय दुपारची. लेझर मारायचंय डोळ्यात. ट्रॅफिकमदी अडकलो तर..."

"बस जरा," जाऊ म्हणाली.

"आगं पन..."

"बस म्हनलं ना. चा पी." मग माझ्याकडं तोंड करून, म्हणजे माझ्या खांद्याच्या जरा बाजूला तोंड करून, म्हणाली, "सांगा."

"काय सांगू?"

"गावातलं. दीड वरीस झालं, मला कुनी काय सांगत न्हाई. समोरचीला इचारलं तर ती दोन शब्दात आटपती. पाटलाच्या पोरीचं जमलं का मोडलं? वरच्या आळीची ती दोगं परत नांदायला लागली म्हनं, खरंय का? समदं सांगा. पहिल्यापासनं."

आणि मी सांगायला लागले. काय सांगू तुम्हाला, माझी अशी घाई झाली! पाटलाच्या मुलीचं सांगता सांगता तिच्या मामाचं निघालं, मामावरून त्या म्हशीचं, म्हशीवरून पंचायतीतल्या भांडणाचं. एक धड संपेना, दुसरं मधेच शिरे. ती "हां", "मग?", "मला वाटलंच हुतं" म्हणत होती. पुतण्यानं चहा संपवला, घड्याळ बघितलं, खोकला. आम्ही चालत पायऱ्या उतरलो, तिचा हात माझ्या दंडावर, मी एकीकडं सांगतेय, एकीकडं म्हणतेय पायरी, पायरी. गाडीत बसवली तरी मी काचेशी वाकून सांगतच होते. पुतण्यानं गाडी चालू केली. पंचायतीतल्या भांडणात नेमकं कुणी कुणाच्या डोक्यात खुर्ची घातली, तेवढंच सांगायचं राहिलं होतं.

"आक्का, आसं घाईत न्हाई," ती काचेतून म्हणाली. "फोन करा. नीट सांगा."

गाडी वळणावरून खाली गेली. धुळीचा लोट तेवढा राहिला.

माईनं माझा मोबाईल आणून दिला. "आराम पडला का वो बाई?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "कसला आराम, माई. आलते त्याच्यापेक्षा जास्त घोर घेऊन चाललेय." ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "पुढच्या बारीला दोरा बांधनार न्हाई तुमाला. नुसती भाकरी करायला या."

जीपमध्ये बसले तर डोळ्यापुढं तेच. ते लेझर म्हणजे काय असेल? दुखत असेल का? दिसायला लागेल ना? तिकडं पुण्यात तिला चूल नाही, गॅसच्या शेगडीशी हात भाजला म्हणजे? आणि खुर्ची कुणी घातली ते तिला कोण सांगणार? दुसरं कुणी अर्धवट सांगितलं तर तिला काहीतरीच वाटेल.

जामखेडच्या स्टँडवर उतरले आणि मोबाईल काढला. तेव्हा ध्यानात आलं. नवा मोबाईल घेतला तेव्हा नातवानं सगळ्यांचे नंबर घातले होते, तिचा तेवढा मी घालू दिला नव्हता. तशीच उन्हात उभी राहून मुलाला फोन लावला.

"हां आई, पोचली का? झोप लागली का तिकडं?"

"ते ऱ्हाऊ दे. तुज्या चुलतीचा नंबर सांग."

मी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"अरं, ऐकू येतंय का? चुलतीचा. सांग लवकर, कर्जतची गाडी लागलीया."

"आई," तो सावकाश म्हणाला, "काकीचा? आपल्या?"

"मग काय दुसऱ्याच्या? सांग आता. मधीच नको थांबू. माजं बोलनं अर्धं ऱ्हायलंय."